पप्पांचा क्रूस आणि जळलेला बोर्ड

७ ऑक्टोबर, मंगळवार

जाळला! मार्कने माझा बोर्ड जाळला!

कंपनीतून आले, चप्पलसुद्धा पायातून काढली नव्हती, आणि हा शेडच्या दारात उभा. तोंड एवढंसं. "स्टेफी, चिडू नकोस हं." नवऱ्याने या वाक्याने सुरुवात केली की चिडण्यासारखंच काहीतरी असतं, हे एवढ्या वर्षांच्या संसारात पाठ झालंय. आत गेले तर वास! कंपनीत हा वास आला की मी जागेवरून न उठता सांगते — चिप गेली.

मशीन माझं आहे. त्याचा एकेक नट मी आवळलाय. कॉम्प्युटरवरून चालतं, लाकडावर कोरतं; बोर्ड म्हणजे त्याचा मेंदू. आता त्याला लेझर बसवायचा होता, म्हणजे लाकडावर अक्षरं जाळून लिहिता येतील. लेझर आला, मी ब्रॅकेट बसवलं, वायर बनवली, जोडायचं काम रविवारवर ठेवलं. तर साहेबांना दम निघाला नाही! बँकेतून लवकर आले आणि जोडून मोकळे. "म्हटलं तू आलीस की चालू करून दाखवू." मोठा आला सरप्राइज देणारा.

म्हणतो, "मी काहीच नाही गं केलं. प्लग एकाच बाजूने बसतो, तसाच बसवला."

मी म्हटलं, जोर लावला की काहीही कुठेही बसतं. तुझ्या हातात रेड्याचा जोर, डोक्यात मात्र — पुढचं इथे लिहीत नाही. तिथे पूर्ण बोलले. आई ओट्यावर बसून ऐकत होती. ऐकू दे. तिचाच मुलगा आहे.

घाई कसली, तर क्रूसाची. या घरची पद्धत अशी की बापाच्या कबरीवरचा क्रूस धाकट्या मुलाने स्वतःच्या हाताने करायचा. विकतचा चालत नाही, सुताराचा चालत नाही. पप्पांनी त्यांच्या बापाचा पटाशीने कोरला होता. आता पप्पाच गेले, फेब्रुवारीत. धाकटा म्हणजे मार्क. हा पटाशी धरतो तेव्हा आधी स्वतःचं बोट कोरतो! म्हणून माझं मशीन. दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, फादर कबरींना आशीर्वाद द्यायला येतील तेव्हा क्रूस उभा पाहिजे. वाडीतल्या फणसाची फळी तासून तयार आहे. आणि बोर्ड मेला!

८ ऑक्टोबर

सकाळी कामावर जायच्या आधी पाहिलं. बोर्डवरचा लाल दिवा लागतो, पण मिणमिणता. लॅपटॉपला जोडलं तर लॅपटॉप ढिम्म. ओळखच देत नाही.

मार्क मागे येऊन उभा राहिला. "मी काही मदत करू?"

"कर. लांब उभा राहा."

शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

९ ऑक्टोबर

दुसरी केबल, दुसरा लॅपटॉप. मेलेलं ते मेलेलंच.

११ ऑक्टोबर, शनिवार

गॉडफ्रे आला होता माणिकपूरहून, मार्कचा थोरला भाऊ. मास्तर आहे, त्यामुळे घरातही हजेरी घेतल्यासारखा बोलतो. "काय रे, क्रूस झाला का पप्पांचा?" मार्क काही बोलायच्या आत मीच सांगितलं. सगळं. वास, धूर, सरप्राइज, सगळं! जरा मीठमसालाही लावला. मार्क प्लग दाबताना कसा जीभ बाहेर काढून उभा असेल त्याची नक्कल केली. (मी तिथे नव्हते. पण असाच उभा राहतो तो, सुईत दोरा ओवतानाही.) गॉडफ्रे हसून हसून खोकायला लागला. मी म्हटलं, आता हा मार्क तुस्कानो नाही, मार्क जाळपोळे!

नाव चिकटलं. गॉडफ्रेच्या पोरी जाईपर्यंत "जाळपोळे अंकल, जाळपोळे अंकल" करत होत्या. मार्कपण हसला. हसतो तो. राग येत नाही याला, आणि तेच मला सहन होत नाही. माणसाने एकदा तरी ताट आपटावं.

आई मात्र हसली नाही. ते गेल्यावर ओट्यावर मला विचारलं, "पन स्टेफी, कशानं जळलं ते सापडलं का?"

म्हटलं, आई, सापडायचंय काय त्यात? तुमच्या मुलाने उलटं जोडलं.

"हां," म्हणाली, आणि बोंबील निवडायला बसली. तिच्या अर्नाळ्याच्या माहेरून आले होते, टोपलीभर.

१२ ऑक्टोबर, रविवार

रविवारची प्रार्थना, मिस्सा, सुटल्यावर देवळाच्या दारात चारपाच बायकांनी घेरलं. क्रूसाचं काय, क्रूसाचं काय! मी सरळ सांगून टाकलं — क्रूस मी करणार. मार्कच्याने होणार नाही.

मार्क बाजूलाच होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत. ऐकलं त्याने. घरी आल्यावर म्हणाला, "स्टेफी, पप्पांचा क्रूस मला करायचाय. तू शिकव, मी करतो. तू म्हणशील तसं करतो."

म्हटलं, केलास की! झाला करून.

"दुसरं काही पण बोल. क्रूस मला करू दे."

नाही म्हटलं. का नाही? कारण पप्पा माझेही होते. मी मशीन जुळवत होते तेव्हा या घरात "बाईला कशाला हे उद्योग" असं सगळे म्हणाले, फक्त पप्पा स्टूल घेऊन शेडमध्ये येऊन बसायचे. स्क्रू हातात देत. हा तुमचा मुलगा तेव्हा मॅच बघत होता, पप्पा! मग आता क्रूस याला का? धाकटा जन्माला आला म्हणून? जन्माला येण्यात याचं काय कर्तृत्व?

मार्क वाडीत गेला. केळीला पाणी सोडून तिथेच बसून राहिला. पाणी वाहून पार शेजाऱ्याच्या वालाच्या वेलात गेलं, शेजारी ओरडला तेव्हा उठला.

१४ ऑक्टोबर

आज नीट बसले. मीटर काढला. बारा व्होल्ट येतात, ठीक. फ्यूज ठीक. पण चिपला पाच व्होल्ट लागतात, तिथे दोनसुद्धा धड नाहीत. चिपवर बोट ठेवलं — आई गं! चटका बसला. चिप आतून शॉर्ट झालीय, येईल तो करंट पिऊन टाकतेय. म्हणजे बारा व्होल्ट थेट सिग्नलच्या पिनेवरून आत घुसले.

लेझरला तीन तारा. एका कडेला बारा व्होल्ट, मध्ये ग्राउंड, दुसऱ्या कडेला सिग्नल. कडेच्या दोन तारांची अदलाबदल झाली की ग्राउंड जागच्या जागी, आणि बारा व्होल्ट लेझरच्या पोटातून फिरून सिग्नलवर. नेमकं तसंच झालंय. म्हणजे याने प्लग उलटाच कोंबला. आणि तोंड वर करून सांगतो, एकाच बाजूने बसतो!

जेवताना त्याला हे सगळं समजावलं. लहान पोराला समजावतात तसं, वाटीतले वाल ताटात मांडून. हा बारा व्होल्ट, हा ग्राउंड, हा सिग्नल, आणि हा तू. तू म्हणून मिरची ठेवली. मार्कने ती मिरची उचलून खाल्ली आणि पाणी प्यायला उठला.

१६ ऑक्टोबर

कंपनीत उन्नतीला सांगितलं, माझ्याच टेबलावर टेस्टिंग करते. तिच्या भावाकडे असाच एक बोर्ड पडून आहे. "घेऊन जा ना यार, तो काय वापरत नाय. पण नवऱ्याला हात नको लावू देऊ हां!" टेबलावरचे सगळे हसले. मीपण.

मग उन्नती सहज म्हणाली, "वायर कोणी क्रिंप केलेली?"

म्हटलं, मी. टोकांच्या पिना मीच दाबून बसवल्या. आणि माझी क्रिंप आजवर कधी फेल गेली नाही, विचार कोणालाही. खोटं नाही. पॅनलमधली उलटी तार शोधायचा पगार घेते मी. नवीन पोरं लागली की त्यांना माझ्याकडे पाठवतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

चंदनसारला जाऊन बोर्ड आणला. उन्नतीकडे दिवाळीची धांदल, चकल्या तळत होती, डबा भरून दिला. फळीइतक्या अरुंद गॅलरीत तिच्या भावाने बोर्ड कापडात गुंडाळून ठेवला होता. देताना म्हणाला, "ताई, सांभाळून हां, आता हा मिळत नाही पटकन."

म्हटलं, माझ्याकडे आलाय, काळजी सोड.

२० ऑक्टोबर, सोमवार

कंपनीला दिवाळीची सुट्टी. सकाळीच शेड उघडली. नवा बोर्ड बसवला, लॅपटॉपला जोडला — ओळखलं! टिंग वाजलं आणि मला नाचावंसं वाटलं. एक्स सरकला, वाय सरकला, झेड वरखाली. मोटरी अशा गुणगुणल्या की बस! मार्कपण बँकेला सुट्टी म्हणून घरी. आवाज ऐकून दारापर्यंत आला, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. आपणहून थांबला. मला बरं वाटलं ते.

म्हणाला, "स्टेफी, लेझर लावायच्या आधी ती वायर एकदा तपासशील?"

"काय?"

"वायर. म्हणजे पिना बरोबर आहेत का —"

मी फिरले. म्हटलं, मार्क जाळपोळे, तू मला वायरी शिकवणार? तू? तुला घरातला बल्ब बदलायला माणूस लागतो! खूप बोलले. त्याच्या बँकेवरून बोलले, प्रमोशनवरून बोलले, पप्पा शेवटी आजारी असताना हा हॉस्पिटलात चुकीच्या काउंटरवर रांग लावून उभा राहिला होता, ते काढलं. ते काढायला नको होतं. काढलं पण.

तो गेला.

मी लेझर लावला. प्लग अलगद बसला, टक् करून, जोर न लावता. चालू केलं.

तोच वास.

२१ ऑक्टोबर

बाहेर फटाके वाजताहेत. मी शेडला आतून कडी लावून बसलेय.

वायर माझी चुकली आहे.

लेझरसोबत आलेल्या कागदावर प्लगचं चित्र समोरून काढलंय. मी क्रिंप करताना प्लग मागून धरला होता. डावं ते उजवं झालं. मधली तार मधेच राहिली, म्हणून रंग बघून काही खटकलं नाही. प्लग एकाच बाजूने बसतो, तसाच बसवला तरी जळणार. मार्कने बसवला तरी, मी बसवला तरी, फादरांनी येऊन बसवला तरी!

कंपनीत पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगते. चित्र समोरून आहे की मागून, आधी बघा रे! वर टपलीही मारते.

हसू आलं आधी. मग एकच विचार, अगदी स्वच्छ — कोणाला कळणार? मार्कला? त्याला काय डोंबल कळतं. त्याने वायर तपास म्हटलं ते असंच, मोठेपणा करायला.

प्लग कापला. बोंबलाच्या डोक्यांबरोबर कागदात गुंडाळून टाकून दिला. नवीन वायर केली. तीनदा मीटर लावून पाहिली.

२२ ऑक्टोबर

सांगून टाकावं का? सकाळी वाटलं होतं. दुपारपर्यंत गेलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुसरा बोर्डही गेला हे लपणार कसं? उन्नतीच्या भावाचा आहे. मग सांगितलं — पहिल्या वेळी बारा व्होल्ट घुसले तेव्हा लेझरच आतून खराब झाला होता, त्याने दुसरा बोर्ड खाल्ला. आईसमोर सांगितलं, गॉडफ्रेला फोनवर सांगितलं, उन्नतीला सांगितलं. दर वेळी आणखी सफाईने. तिसऱ्यांदा तर मलाच पटलं.

गॉडफ्रेने मार्कला फोन द्यायला लावला. पलीकडून ओरडलेलं इथपर्यंत ऐकू येत होतं. "पप्पांचं एक काम! एक काम होत नाही तुझ्याकडून!" मार्क "हो" म्हणाला. "हो, गॉडफ्रे. हो." फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल. बरं झालं असतं.

म्हणाला, "दोन्ही बोर्ड मी आणून देतो. कुठे मिळतात सांग."

सांगितलं.

रात्रीच्या रोझरीत, माळेच्या प्रार्थनेत, आईने "सत्य बोलण्याचं बळ दे" असं काहीतरी आपल्या पदरचं घातलं. की मलाच तसं ऐकू आलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

झालं! लेझर पेटला, निळा ठिपका लाकडावर उतरला आणि फणसाच्या पिवळ्या फळीवर तपकिरी रेघ उमटत गेली. अक्षरं काय सुंदर आलीत! प्लासिड तुस्कानो. खाली तारखा. त्याखाली "प्रभू यांना चिरशांती देवो."

पण सुरू करायच्या आधीचं लिहायला हवं. दोन्ही बोर्ड मार्कने काल दिवसभर दुकानं पालथी घालून आणले; लेझर मी दुरुस्त केला असं सांगितलं. आज मार्क आला. अंघोळ करून, मिस्साला घालतो तो पांढरा शर्ट घालून. हातात तो हिरवा चष्मा, लेझरसोबत आलेला. म्हणाला, "मी कशाला हात लावत नाही. सगळं तूच कर. फक्त सुरूचं बटण मला दाबू दे. म्हणजे मी केला असं म्हणता येईल. पप्पांना."

एक बटण. लॅपटॉपचं. पोरसुद्धा दाबेल.

मी म्हटलं, नको. परत काहीतरी जाळशील.

असं का म्हटलं ते मला माहीत आहे. त्याने बटण दाबलं असतं आणि सगळं नीट चाललं असतं, तर मग पहिल्यांदा का जळलं? हा प्रश्न कोणालाही पडला असता. म्हणून नको. एवढंच कारण. इथे तरी खरं लिहिते.

त्याने चष्मा टेबलावर ठेवला. पांढरा शर्ट काढून वाडीत पालापाचोळा ओढायला गेला. मी बटण दाबलं.

३० ऑक्टोबर

क्रूसाला पॉलिश. दोन हात दिले. मार्क अजून बघायला आला नाही. मीही बोलावलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सिमेटरी झेंडूने पिवळीधमक. कबरी धुतलेल्या, चुना मारलेल्या, मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या आणि पोरं पुन्हा पेटवत होती. आमचा क्रूस सगळ्यात उठून दिसत होता, उगाच नाही म्हणत. लोक थांबून वाचत होते. कोणी बोट फिरवून बघत होतं. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, आणि मग विचारलं, "हा कोणी केला? मार्क, तू?"

मार्कने मान हलवली. "नाही फादर. स्टेफीने."

आई पुढे झाली. सगळ्यांसमोर माझा हात धरला. "माझ्या सुनेनं केला. सगळं तिनंच केलं." मोठ्याने म्हणाली, बाजूच्या दोन कबरींवरच्या लोकांनीही ऐकलं. गॉडफ्रे म्हणाला, "बरं झालं, नाहीतर जाळपोळेंनी पप्पांनाच पेटवलं असतं." हसले लोक. कबरीवर उभे राहून हसले. मार्क मेणबत्तीभोवती हाताचा आडोसा धरून बसला होता. मेण बोटांवर ओघळत होतं तरी हात हलवला नाही.

मला आनंद झाला. खरंच झाला. एवढ्या वर्षांत आईने माझं चारचौघांत असं कौतुक कधी केलं नव्हतं. घरी येईपर्यंत तिने धरलेला हात मला उबदार वाटत होता.

३ नोव्हेंबर

संध्याकाळी मी आणि आई दोघीच घरी. वाटण वाटता वाटता, वर न बघता म्हणाली:

"वायर तुझी उलटी व्हती. मार्कनं मला जळलं त्याच दिवशी दाखवलं, चित्राशेजारी धरून. म्हनाला, आई, कोनाला बोलू नको, तिचं कामच हे हाय, तिला लय लागेल. सांगेल ती आपनच."

म्हटलं, मग तुम्ही का नाही बोललात? काल तर सगळ्यांसमोर —

"तो गप बसला तुझ्यासाठी. मी गप बसले, तू आपनहून सांगतेस का ते बघायला."

वाटण काढलं, पाटा धुतला. मार्कची गाडी दारात आली. मी ताट घेतलं, भात वाढला, त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, "दमलीस का गं?"

नाही म्हटलं.